माणसं काम काय करतात ते लिहा (आणि त्यासाठी काय वाचायचं)

नवीन काय वाचू आणि लिहायला सुरुवात कशी करू, हे दोन प्रश्न मला बहुतेक वेळा एकाच मेसेजमध्ये येतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतेय. गेल्या दहाबारा वर्षांत मराठीत आलेल्या कादंबऱ्या आणि कथा वाचा, आणि वाचताना एकच गोष्ट धरून ठेवा की यातली माणसं पोटासाठी काय करतात आणि लेखकाने ते काम किती जवळून दाखवलंय. बाकी सगळं, म्हणजे कथानक, पात्रं, वातावरण, शेवट कसा करायचा, हे त्यातून आपोआप सुटत जातं असं माझं ठाम मत आहे.

नवीन लिहिणाऱ्यांच्या कथा माझ्याकडे वाचायला येतात तेव्हा त्यात दुःख भरपूर असतं, आठवणी असतात, पाऊस तर असतोच, पण त्या माणसाच्या दिवसातले आठदहा तास कुठे गेले ते सापडत नाही. तो 'ऑफिसला जातो' आणि 'ऑफिसातून येतो'. मधलं सगळं गायब. आणि खरं तर माणूस कळतो तो त्या मधल्या तासांतच, तिथे तो कुणाला घाबरतो, कुणाशी गोड बोलतो, कुठलं काम टाळतो, कुठलं मन लावून करतो.

म्हणून पहिलं पुस्तक सांगते ते देविदास सौदागर यांची 'उसवण'. देशमुख आणि कंपनीने काढलेली छोटीशी कादंबरी आहे, २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिंपीकाम केलेले, आणि कादंबरी पण लहान गावातल्या एका टेलरचीच आहे. रेडिमेड कपड्यांची दुकानं आली, लोक कापड घेऊन माप द्यायला येईनासे झाले, आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याच्याकडे आता नवीन शिवायला कमी आणि उसवलेलं नीट करायला जास्त येतं. विषय एका ओळीत सांगता येतो, पण तो ओळीत सांगून भागत नाही हेच तर या पुस्तकातून शिकायचंय. जागतिकीकरण, बेकारी, बदलती बाजारपेठ असे शब्द घेऊन यावर अग्रलेख लिहिता येईल आणि तो कुणी दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवणार नाही. इथे मात्र एका दुकानाचं भाडं, घरात लागणारा किराणा आणि आज किती कपडे आले याचा हिशोब आहे, आणि तो हिशोब वाचताना आपल्याच छातीवर दडपण येतं.

ही कादंबरी दोनदा वाचा असं मी सांगेन. पहिल्यांदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे जिथे मशीन, कापड, माप, दुकानात आलेलं गिऱ्हाईक येतं तिथे समासात खूण करा, मग बघा की लेखकाला माणसाचा स्वभाव सांगायचाय तेव्हा तो कितीदा कामाकडे वळतो. टेलरला तुम्ही ओळखताच की. गळ्यात टेप, कानाला खडू किंवा पेन्सिल, बॉबिन संपली की तोंडातून निघणारा तो चुकचुक आवाज, दिवाळीच्या आधी 'परवा या' म्हणणं. हे सगळं आपण लहानपणापासून बघितलंय, पण ते लिहिण्यासारखं आहे असं आपल्याला वाटलं नाही. सौदागरांना वाटलं. लेखक होणं म्हणजे मला तरी मुख्यतः हेच दिसतं.

आता दुसरं. एकच विषय दोघांनी कसा वेगळा लिहिला हे बघायचं असेल तर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आणि कृष्णात खोतांची 'रिंगाण' लागोपाठ वाचा. दोन्ही धरणग्रस्तांवर. दोन्हींना साहित्य अकादमी, पहिलीला १९९२ साली आणि दुसरीला २०२३ साली, म्हणजे मध्ये तीस वर्षं गेली आणि विषय अजून संपलेला नाही, यात महाराष्ट्राबद्दल जे काय कळायचं ते कळतं. 'झाडाझडती' मोठी आहे, सगळं गाव त्यात आहे, गुरुजी, पुढारी, अधिकारी, जमिनी लाटणारे, मोर्चे, कचेऱ्या, सगळं. खोतांनी काय केलं? गाव उठून दुसरीकडे गेलंय आणि एक म्हैस मागे राहिलीय. जंगलात राहून ती रानटी झालीय. देवाप्पा तिला परत आणायला जातो. बास. एक माणूस, एक म्हैस आणि बुडालेल्या गावाच्या आसपासचं रान.

लिहिणाऱ्यासाठी हा फार मोठा धडा आहे आणि तो मी माझ्या परीने सगळ्यांना सांगत फिरते. विषय मोठा असला की आपण घाबरून सगळंच सांगायला जातो, पार्श्वभूमी, इतिहास, सरकारी धोरण, आणि मग कथा कुठेच उभी राहत नाही. खोतांनी विस्थापन हे म्हशीच्या अंगात दाखवलं. जे जनावर दाव्याला बांधलेलं होतं, हाक मारली की येत होतं, ते आता माणसाला ओळखत नाही. आणि इथेही बघा, ती म्हैस धरणं हे एक काम आहे. जनावराच्या जवळ कुठल्या बाजूने जायचं, वारा कुठून आहे, दावं कसं टाकायचं, किती अंतर ठेवायचं हे ज्याला माहीत आहे तोच ही कादंबरी लिहू शकतो. खोत पन्हाळ्याच्या भागातले, त्यांची 'गावठाण' पण जमलं तर शोधून वाचा, पण सुरुवात 'रिंगाण'पासूनच करा.

मग लगेच प्रश्न येतो की आम्ही काय शिंपी नाही, शेतकरी नाही, आम्ही डोंबिवलीत नाहीतर कोथरूडमध्ये लॅपटॉपसमोर बसतो, आम्ही कुठलं काम लिहायचं. त्याला दोन उत्तरं आहेत.

एक म्हणजे लॅपटॉपसमोर बसणं हेही कामच आहे आणि ते मराठीत अजून फार कमी लिहिलं गेलंय, मोकळं रान आहे. कॉलवर म्यूट करून बाळाला भरवणारी बाई, अप्रेझलच्या आधीचे पंधरा दिवस, मॅनेजर आपल्यापेक्षा लहान असणं, रात्री अमेरिकेशी बोलायचं म्हणून सकाळी घरात कुणाशीच न बोलणारा नवरा, एवढं सगळं पडलंय आणि कथा मात्र अजून आजोळच्या अंगणात. आजोळावर माझा राग नाही, पण तुम्ही तिथे सुट्टीत जात होता, राहत नव्हता.

दुसरं उत्तर म्हणजे नंदा खरे. ते व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर. 'अंताजीची बखर' ही त्यांची कादंबरी १९९७ ची, त्यात पेशवाईच्या काळातला अंताजी खरे नावाचा एक साधा माणूस आपली हकीकत बखरीच्या भाषेत सांगतो, मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या, तिथली लूटमार, हे सगळं वर बसलेल्या सरदाराच्या नजरेने नाही तर खालून. आता खरे काही अठराव्या शतकात राहत नव्हते. पण त्या काळात माणूस बातमी कशी काढत असेल, प्रवास कसा करत असेल, पैसा कसा फिरत असेल हे त्यांनी इतकं पक्कं करून घेतलंय की वाचताना शंका येत नाही. आणि मग 'उद्या', २०१४ ची. ती तर पुढच्या काळात घडते. माणसांवर सतत पाळत, कंपन्यांचं राज्य, ओसाड पडत जाणारी गावं. भविष्य लिहितानाही ते यंत्रणा कशी चालेल, कोण कुणाला रिपोर्ट करेल, कुणाचं पोट कशावर असेल हे आधी बघतात. २०२० चा अकादमी पुरस्कार 'उद्या'ला जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला, समाजाने आपल्याला भरपूर दिलंय म्हणून काही वर्षांपासून पुरस्कार घेणं बंद केलंय असं सांगून. २०२२ मध्ये ते गेले. मराठीत असा अभ्यास करून कादंबरी लिहिणारी माणसं कमी, म्हणून त्यांचं नाव मी प्रत्येक यादीत घालते आणि घालत राहीन.

म्हणजे काम स्वतः केलेलं असायलाच पाहिजे असं नाही. पण मग शिकून घ्यायला पाहिजे, तासन्तास बसून, विचारून, बघून. नुसती गुगल करून ते येत नाही, कारण काम करणाऱ्याच्या तोंडातले शब्द गुगलवर नसतात.

शब्दांवरून बोलीकडे येते, कारण इथे नवीन लोक सगळ्यात जास्त अडखळतात. नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' ही कादंबरी वाचा, २०१८ चा युवा पुरस्कार. जत तालुक्यातल्या दुष्काळी भागातला मुलगा, घरची गरिबी, शेतातली आणि जनावरांची कामं, त्यात शिकायची धडपड. त्यात बोली नुसत्या संवादात नाहीये, निवेदनातच आहे, म्हणजे सांगणाराच त्या भाषेत विचार करतो. आपल्याकडे जुनी पद्धत अशी की लेखक प्रमाण मराठीत सांगणार आणि गावातलं पात्र तेवढं बोलीत बोलणार, त्यामुळे लेखक वरच्या पायरीवर उभा आहे आणि पात्रं खाली असं चित्र तयार होतं, लेखकाच्या मनात तसं नसलं तरी. ही पायरी मोडणारे लेखक आता बरेच आहेत आणि ते वाचलेच पाहिजेत.

पण एक कळकळीची विनंती, बोली येत नसेल तर ओढूनताणून आणू नका. 'आहे'चं 'हाय' केलं, 'ण'चा 'न' केला की बोली होत नाही. बोली म्हणजे वाक्य कुठून सुरू होतं, कुठे तुटतं, कुठली गोष्ट बोलायचीच नसते, रागावल्यावर काय म्हणतात आणि लाजल्यावर काय. नागपूरकडचा माणूस 'करून राहिला' म्हणतो ते तुम्ही चार ठिकाणी पेरलं तर विदर्भ उभा राहत नाही. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, लोकलमध्ये जी मराठी बोलली जाते, ज्यात निम्मे शब्द इंग्रजी आणि थोडे हिंदी असतात, ती तुमची बोली. ती प्रामाणिकपणे लिहा. प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' बघा, शहरातल्या तरुण मुलाची भाषा अजिबात न अवघडता येते तिच्यात, तिलाही २०२१ चा युवा पुरस्कार आहे.

जयंत पवारांबद्दल वेगळी पोस्ट लिहावी लागेल एवढं आहे, पण इथे एवढंच की 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा त्यांचा कथासंग्रह घरात असू द्या. ते मुंबईतल्या गिरणगावचे लेखक, 'अधांतर' हे गिरणी संपानंतरच्या कुटुंबावरचं नाटक त्यांचंच. काम *गेल्यावर* माणसाचं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणी लिहिलं नाही. १९८२ चा संप आकड्यांत सगळ्यांना माहीत आहे, पण नोकरी गेलेला बाप दिवसभर चाळीत बसून काय करतो, हात कुठे ठेवतो, हे कथेतच कळतं.

बायकांच्या कामाबद्दल मला जरा जोर लावून बोलायचंय. आपल्या कथांमध्ये 'तिने स्वयंपाक उरकला' या तीन शब्दांत आयुष्यं संपतात. पुरुष लेखक तर सोडाच, बायका पण असं लिहितात. अहो त्या तीन शब्दांत किती गोष्टी दडल्यात! ज्वारीचं पीठ जुनं निघालं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेला, भाकरी परातीतच चिरतेय, आणि बाहेर सासऱ्यांचे मित्र ताटावर बसलेत, नवी सून आहे, पीठ कुणी दळून आणलं ते सगळ्यांना माहीत आहे पण बोलणार कुणी नाही. इथे कथा सुरू झाली, अजून एकही भावना लिहिलेली नाही. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) यासाठी वाचा. त्यांची आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणून घर चालवायची आणि पुस्तकाचं नावच त्यावरून आहे. आईच्या विणण्याचा आणि आपल्या लिहिण्याचा धागा त्यांनी स्वतःच जोडून दाखवलाय, आणि ते आत्मकथन तसंच मागेपुढे जात विणलेलं आहे, जन्मापासून सरळ रेषेत नाही. आत्मकथन लिहायचं मनात असेल तर आधी हे.

आता प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर काय करायचं ते सांगते. वर्कशॉपमध्ये मी एकच व्यायाम देते. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान घ्या. 'सचिन फार कष्टाळू आणि मनमिळाऊ मुलगा होता' हे वाक्य लिहायचं नाही, ते कापलं. त्याऐवजी सचिनला काम करताना बघा. आधारकार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घ्यायच्या तर पहिली बाजू काढल्यावर कार्ड काचेवर कुठे सरकवायचं हे त्याच्या हाताला माहीत आहे, तो तिकडे बघत पण नाही. दहावीचा निकाल लागला की दुकानासमोर रांग, मार्कलिस्ट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, 'किती कॉपी?', 'कलर की ब्लॅक?'. टोनर संपत आला की अक्षरं फिकी येतात, तो कार्ट्रिज काढून हलवतो आणि परत बसवतो, अजून पन्नास पानं निघतात. आणि या पोराला गावातलं सगळं आधी कळतं. सातबारा आणि वारसनोंदीचे कागद आले की त्या घरात वाटणी निघालीय. नवऱ्याचं डिस्चार्ज कार्ड घेऊन बाई आली, पाच कॉप्या म्हणाली, म्हणजे क्लेम करायचाय. शाळेत त्याच्या वर्गात असलेली मुलगी लग्नाच्या नोंदणीचे कागद घेऊन आली, सोबत एक मुलगा, आणि तिचा भाऊ सचिनच्या रोजच्या बसण्यातला. आता सचिन काय करणार? बघा, माणूस पण आला, गाव पण आलं आणि कथानक पण आलं, आणि आपण फक्त कॉप्या काढत होतो.

हे जमायला लागलं की पुढच्या गोष्टी बारीक आहेत. पहिला ड्राफ्ट झाला की पहिला परिच्छेद काढून टाकून बघा, बहुतेक कथा दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतात, पहिला आपण स्वतःला गरम करायला लिहिलेला असतो. मोठ्याने वाचा, घरात कुणी असेल तर लाजू नका, जिथे जीभ अडते तिथे वाक्य चुकलंय. विशेषणं कमी करा. टिंबं टिंबं टिंबं काढा. शेवटी पात्राला काही उमगलं, असा शेवट असेल तर तो पण काढा आणि त्याआधीच्या कृतीवर थांबून बघा.

शुद्धलेखनाला कमी लेखू नका. बोलीत लिहा, पण जे लिहाल ते सगळीकडे एकसारखं लिहा. अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' खरंच खिशात मावतं, ते जवळ ठेवा. आणि शब्दांसाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत आलेला, तो आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येतात. विणकर, कुंभार, कोळी, नावाडी यांच्या कामातले शब्द त्यात कितीतरी आहेत जे आज कानावर पडत नाहीत. त्याच्या जोडीला त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा', १९१५ चं. बलुतेदार, अलुतेदार, कुणाचं काय काम, कुणाला किती वाटा, गाव कसं चालायचं हे सगळं त्यात आहे. त्यातली काही मतं आज अजिबात पटणार नाहीत, मला तर बऱ्याच ठिकाणी राग येतो, पण ग्रामीण भूतकाळावर काही लिहायचं असेल तर त्याच्यावाचून पुढे जाऊ नका.

तंत्रावरची पुस्तकं वाचावीत का असंही विचारतात. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' १९३१ चं, मराठीत कथा-कादंबरीच्या तंत्रावर इतकं सविस्तर त्याआधी क्वचितच कुणी लिहिलं असेल. कुतूहल म्हणून चाळा, गुंतागुंत आणि उत्कंठा कशी रचायची हे त्यात नीट सांगितलंय. पण त्याच्या साच्यात आजची कथा बसवायला जाऊ नका. त्यापेक्षा व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' (१९४९) समोर ठेवा आणि त्यातलं एक व्यक्तिचित्र वहीत हाताने उतरवून काढा. किती छोटी वाक्यं आहेत आणि किती सोडून दिलंय हे हात दुखल्यावरच कळतं.

राहिला प्रश्न पाठवायचं कुठे. 'सत्यकथा' मासिकाच्या काळी श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक नवीन लेखकाला लांबलचक पत्रं लिहून कथा कुठे सुधारता येईल ते कळवायचे. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झालं आणि तशी पत्रं येणंही दुर्मीळ झालं. त्यामुळे आता ते काम आपण एकमेकांसाठी करायला पाहिजे. कथा वाचून 'खूप छान, डोळ्यात पाणी आलं' असं लिहिणारे दहा मित्र असण्यापेक्षा 'तिसऱ्या पानावर मी फोन बघायला लागले' असं सांगणारी एक मैत्रीण शोधा आणि तिला सोडू नका.

छापायला मात्र दिवाळी अंक अजूनही सगळ्यात चांगली जागा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा मुख्यतः तिथेच वाढली. बहुतेक अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं आणि गणपतीपर्यंत पानं बरीचशी ठरलेली असतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये कथा पाठवून उपयोग नसतो. युनिकोडमध्ये टाइप करा, शब्दसंख्या लिहा, फोन नंबर द्या, एकच कथा एका वेळी दोन अंकांना देऊ नका. आणि ज्या अंकाला पाठवताय त्याचा मागच्या वर्षीचा अंक लायब्ररीतून आणून वाचा, म्हणजे तिथे काय चालतं ते कळेल.

कवितेबद्दल आज काहीच लिहिलं नाही, ते पुढच्या पोस्टमध्ये. तोवर अनुराधा पाटील यांचा 'कदाचित अजूनही' हा संग्रह मिळवून ठेवा, २०१९ चा अकादमी पुरस्कार त्याला आहे, आणि वाचलात की तुम्हाला कुठली कविता धरून बसली ते मला कळवा, पोस्टमध्ये त्याबद्दलच बोलू.